तांबटाचा पत्ता

"अहो वहिनी, तुमच्या शेवग्याला कीड लागलीय हं! सकाळपासून भुसा पडतोय माझ्या पापडांवर."

गेल्या मार्चमधली गोष्ट. ताईंनी भिंतीपलीकडून हाक मारली तेव्हा माझ्या कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. तरी गॅस बारीक करून गेले. मुलुंड पूर्वेला, आमच्या मिठागर रोडच्या आतल्या अंगाला, अजून अशा दोन-चार जुन्या सोसायट्या उरल्यात, ज्यांच्यामधली कंपाउंडची भिंत छातीएवढीच आहे. बिल्डर येईल तेव्हा येईल. तोवर भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ताई. शेवग्याचं खोड आमच्याकडे, फांद्या त्यांच्याकडे, आणि शेंगा ज्याचा हात आधी पोचेल त्याच्या.

भुसा खरंच पडला होता. रव्यासारखा, पांढरट. वर पाहिलं तर एका वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक, अगदी कंपासने काढल्यासारखं गोल. त्यातून एक आखूड शेपूट बाहेर आलेलं. शेपूट हललं, मागे मागे सरकत अख्खा पक्षी बाहेर आला, चोचीतला भुसा त्याने झटकला आणि परत आत शिरला.

"पोपटाचं पिल्लू दिसतंय," ताई म्हणाल्या.

"पोपट कसला? कपाळ बघा की, कुंकू फासल्यासारखं लाल आहे."

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आमच्या ह्यांचा दबका आवाज आला. "हलू नका दोघी! तांबट आहे तो."

हलू नका म्हणे. तिकडे माझी तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, आणि त्या दिवशी आमच्याकडे वरणाऐवजी पिठलं झालं.

आता ह्यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. बँकेतून रिटायर झाल्यावर दोन महिने ह्यांनी मला फ्रिज कसा लावावा आणि भाजी कशी चिरावी ते शिकवलं. तिसऱ्या महिन्यात फंडाचे पैसे आले आणि हे कॅमेरा घेऊन आले. सोबत ती दीडशे-सहाशेची लेन्स. ताईंनी भिंतीवरून बघितलं नि विचारलं, "भावोजींनी तोफ घेतली की काय?" किंमत मी ताईंना निम्मी करून सांगितली. त्यांनी ती आणखी निम्मी करून आपल्या जावेला सांगितली. तरी जाऊ म्हणाली, येवढ्यात आमच्याकडे स्कूटर आली असती.

पहिल्याच आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधून सेक्रेटरीकडे तक्रार गेली, की तुमच्या दुसऱ्या मजल्यावरून आमच्या घरावर कॅमेरा रोखला जातो. हे उठले, मेमरी कार्ड घेऊन सेक्रेटरीकडे गेले आणि त्याला तीनशे चाळीस फोटो दाखवले. सगळेच्या सगळे त्यांच्या गच्चीवरच्या टाकीवर बसणाऱ्या घारीचे. सेक्रेटरी दीड तासाने सुटला. त्या दिवसापासून तो ह्यांना जिन्यात भेटला की घाईत असतो.

"एवढी मोठी लेन्स आहे तर कबुतरांचे का नाही काढत?" ताईंनी एकदा विचारलं. "आयते आहेत की खिडकीत." ह्यांनी उत्तर दिलं नाही, गॅलरीच्या जाळीकडे नुसतं बोट दाखवलं. खरंच, आपण मुंबईकर कबुतरांपायी जाळीत बसलोय आणि कबुतरं मोकळी आहेत. २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून तर प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. असो, तो विषय काढला तर आमच्या दोन सोसायट्यांतसुद्धा भिंत छातीएवढी पुरणार नाही.

एका रविवारी ह्यांनी आम्हा दोघींना पक्षी दाखवायला न्यायचं ठरवलं. कुठे, तर भांडुप पंपिंग स्टेशन.

"वहिनी," ताई रिक्षात माझ्या कानात म्हणाल्या, "बायकोला फिरायला सांडपाण्याच्या पंपावर नेणारा नवरा मी पहिल्यांदा बघतेय."

पण आत गेल्यावर दोघींची तोंडं बंद झाली. हायवेपासून हाकेच्या अंतरावर, आणि दोन्ही बाजूंना तिवरं. मधे पाण्याची डबकी, पलीकडे जुनी मिठागरं. लाल काड्यांवर उभा केल्यासारखा शेकाट्या पाण्यात ऐटीत चालत होता. वंचक असा स्तब्ध, की त्याला नाव ज्याने दिलं त्याचे पाय धरावेत. तारेवर खंड्या, खुंटावर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा, आणि तिवरांवरून खालून खालून घिरट्या घालणारा दलदल भोवत्या. हे एकेकाचं नाव सांगत होते आणि मधूनच कॅमेरा करर्र करून वीस-वीस फोटो ओढत होता. सगळं छान होतं, फक्त ज्यांच्यासाठी आलो ते रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, औषधालाही नव्हते.

"भावोजी, आज तिथी कोणती?" ताईंनी विचारलं.

"तिथीचा काय संबंध? एकादशी."

"मग अकराची पाऊण किती? सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती. आता वाजले आठ. सगळा चिखल पाण्याखाली गेला, तुमचे रोहित काय पाण्यात बुडून जेवतील?"

ताईंचं माहेर ठाण्याचं, चेंदणी कोळीवाड्यातलं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हे त्यांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. रोहित ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चोच उलटी घालून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. त्या खाण्यातूनच त्यांच्या पिसांना गुलाबी रंग चढतो. "तृतीयेला या," ताई म्हणाल्या. "तिनाची पाऊण सव्वादोन, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमाराला ओहोटी." ह्यांच्या फोनवर भरती-ओहोटी दाखवणारं ॲप होतं. ते उघडून बघितलं, तर ताई दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने बरोबर! तेव्हापासून आमच्याकडे कालनिर्णय कॅमेऱ्याच्या बॅगेत असतं.

तृतीयेला गेलो. खाडीच्या चिखलावर गुलाबी रेघ ओढावी तसे रोहित पसरलेले. हे सांगत होते, की नव्वदच्या दशकात शिवडीला रोहितांचे मोठे थवे यायला लागले, मग ठाण्याच्या खाडीत वाढले. २०१५मध्ये सरकारने खाडीचा हा भाग रोहितांचं अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पलीकडे ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे, तिथून हंगामात बोटीतूनही बघता येतात. मी ऐकत होते, पण ताई गप्प होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "घाटकोपरला ते मेले ते हेच ना हो?" त्यांची नणंद घाटकोपरला राहते. २० मे २०२४च्या रात्री उतरणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि लक्ष्मीनगर भागात ३९ रोहित मरून पडले. नणंदेने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलेलं ताई विसरल्या नव्हत्या. "रस्त्यात गुलाबी पिसं होती म्हणे," एवढंच बोलल्या. परतीच्या रिक्षात पंपावरून विनोद झाला नाही.

आणि हे वेड एकट्या ह्यांचं नाही हो. हे रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जातात तेव्हा गेटवर जत्रा असते. सगळे हिरव्या-खाकी शर्टातले, गळ्यात दुर्बीण, पाठीला तोफ. शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल, आत तुळशी आणि विहार असे दोन तलाव, अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी, आणि बाहेर लोकलची अनाउन्समेंट. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला तिथे नवरंग येतो. नावाप्रमाणे अंगावर रंगांची पंगत, पण पालापाचोळ्यात असा बसतो, की शीळ ऐकू येते आणि पक्षी सापडत नाही. लांबच्या प्रवासाने थकून तो कधी कधी लोकांच्या गॅलरीतही पडतो. नवीन पक्षी पहिल्यांदा दिसला की ही मंडळी 'लायफर मिळाला' म्हणतात. ह्यांना नवरंग मिळाला त्या दिवशी हे घरी येऊन स्वतः चहा करून प्याले. मला वाटलं, ताप आला.

"पण हे सगळं इंग्रजांचं खूळ ना?" ताईंनी विचारलं.

मग ह्यांनी भिंतीला टेकून सलीम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईचाच मुलगा, जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा. आई-वडील लहानपणीच गेले, मामांकडे वाढला. हातात छर्‍याची बंदूक. एक दिवस चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती म्हणून मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंच्या कपाटं उघडून दाखवली आणि पोरगा कायमचा तिथलाच झाला. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखायची किल्ली आली. "एका मेलेल्या चिमणीने एवढं केलं," ताई म्हणाल्या, "आणि आमच्या अंगणात जिवंत दहा असायच्या, आम्ही काय केलं? तांदूळ टाकले."

"तेही कमी नाही," हे म्हणाले. मग त्यांनी मारुती चितमपल्लींचं नाव काढलं. सोलापूरचा माणूस, वनखात्यात जन्म घालवला, रानातल्या लोकांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा केली, पक्षीकोश लिहिला. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा, १९३२ सालचा. म्हणून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. मग ह्यांनी मराठी नावं सांगितली: वेडा राघू, कोतवाल, हळद्या, नाचण, शिंपी, सुगरण. ताईंनी नावं ऐकली आणि म्हणाल्या, "ही तर आमच्या वाडीतली माणसंच झाली. कोतवाल म्हणजे वॉचमन, वेडा राघू म्हणजे सेक्रेटरी." त्या दिवसापासून भिंतीवर आमची ही सांकेतिक भाषा चालते. कोणाला नाचण म्हणतो ते इथे सांगत नाही.

तर मुद्दा तांबटाचा. तो हिरवा, चिमणीपेक्षा जरा जाड, मान नसल्यासारखा, आणि आवाज टुक टुक टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. दुपारभर एका लयीत. ह्याचं नाव कुणाला शोधावं लागलं नसणार. पंधरवडाभर नर आणि मादी आळीपाळीने खोदत होते. एक आत ठोकतोय, दुसरा तारेवर बसून पाळीची वाट बघतोय. भोक फांदीच्या खालून, म्हणजे पाऊस आत जायला नको. वाळकी फांदी कापायचं आमच्या कमिटीत ठरलं होतं, पालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्जही लिहून झाला होता. ह्यांनी तो खिशात ठेवला तो ठेवलाच. ताईंनी पापडांची जागा बदलली. मग खोदकाम थांबलं. आता एक आत बसायचा, दुसरा उंबराचं फळ खाऊन यायचा आणि पाळी बदलायची. अंडी दोघं मिळून उबवतात म्हणे. ताई म्हणाल्या, "वहिनी, हे भावोजींना ऐकवलंत का?"

ह्यांनी आम्हाला तेव्हाच बजावलं होतं. फोटो बघा, पण हे कुठे आहे ते बोलू नका.

आणि मग तो रविवार. सकाळी सात वाजता भिंतीशी आठ जण. अंधेरीहून दोघे, बोरिवलीचा एक, घाटकोपरचे तिघे, बाकीचे कुठले कोण जाणे. सगळ्यांकडे तोफा. आमच्या कोतवालाने त्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या काढून दिल्या. एकाला भोकासमोर डहाळी आडवी येत होती, त्याने ती सुतळीने मागे बांधली. दुसरा भिंतीवर चढला. तिसऱ्याने फोनवर तांबटाचा आवाज लावला. टुक टुक टुक. बाहेरचा तांबट तीरासारखा आला, फोनच्या भोवती फिरायला लागला. आतलाही बाहेर आला. सगळे कॅमेरे करर्र.

हे खाली धावले. इतक्या वर्षांत मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "त्याला वाटतंय, दुसरा नर घर बळकावायला आलाय! अंडी उघडी टाकून भांडायला आलाय तो!" ताई मला म्हणाल्या, "म्हणजे रोज आपल्या दारात कुणी येऊन सवतीचा आवाज काढावा, तसं झालं की हे." त्या आठांपैकी दोघे खाली मान घालून निघून गेले, एकाने माफी मागितली. बाकीचे नऊ वाजेपर्यंत होते. समोरच्या तारेवर चार कावळेही बसले होते. हे म्हणाले, "माणसं जिथे टक लावून बघतात, तिथे कावळाही बघतो."

मंगळवारपासून तांबट आले नाहीत. भोक तसंच, भोवती सुतळी तशीच. आठ दिवस वाट बघून ह्यांनी सुतळी सोडली.

मग आमची चौकशी समिती बसली, अर्थात भिंतीवर. पत्ता फोडला कुणी? पहिला संशय कोतवालावर, खुर्च्यांमुळे. दुसरा, तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर मुलावर, त्याने रील टाकलं होतं. त्याला बोलावलं. त्याने रील दाखवलं, त्यात नुसता पक्षी, ना झाड, ना सोसायटी. बिचाऱ्याने काकांचं ऐकलं होतं. तिसरा संशय सेक्रेटरीवर, सवयीने. शेवटी ज्याने माफी मागितली होती त्याला ह्यांनी फोन केला. तो म्हणाला, "काका, मला फोटोबरोबर सगळंच आलं होतं. सोसायटीचं नाव, शेवगा, भिंतीजवळची वाळकी फांदी. कुठल्याशा भजनी मंडळाच्या ग्रुपवरून फिरत आलं."

भजनी मंडळात आमच्या सोसायटीतून मी एकटीच आहे.

मी पदराशी चाळा करत उभी राहिले. लिहिलं होतं मी, 'आमच्या शेवग्यावर तांबट, या बघायला.' कौतुकाने लिहिलं होतं. ताई माझ्यावर रागावतील म्हणून मी वर बघितलं, तर त्याच खाली बघत होत्या. "मी लोकेशन टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "माहेरच्या ग्रुपवर. पिन का काय म्हणतात ते." हे दोघींकडे बघून काही बोलले नाहीत, आत जाऊन लेन्स पुसत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला एक कळलं ते सांगते. फोटो काढणं वाईट नाही. ह्यांच्या फोटोंमुळेच समोरच्या बाई घारीला ओळखायला लागल्या, आणि आमच्या कमिटीने वाळकी फांदी ठेवली. पण पक्ष्याला लपून राहण्याशिवाय दुसरं कुलूप नाही. ते कुलूप आपल्या तोंडाने उघडतं. सलीम अलींच्या बंदुकीचा छर्रा एका चिमणीला लागला. माझा मेसेज किती फोनांतून गेला ते मला आजही माहीत नाही.

यंदा फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजतात तेव्हा हे आम्हा दोघींनाही बसवून गेले. पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, जे दिसेल ते लिहायचं. भिंतीच्या दोन बाजूंनी आम्ही मोजलं: कावळे चौदा, साळुंक्या सहा, बुलबुल दोन, घार एक, शिंपी एक, तांबट दोन. हे आकडे बेलाशक कुणालाही सांगा, अभ्यासकांना उपयोगच होतो. ताई आता भजनी मंडळातसुद्धा आकडे सांगतात.

तांबट दोन हे तुम्ही वाचलंत ना? बरोबर आहे. टुक टुक सुरू झालंय. भुसाही पडतोय. कुठे, ते आम्हा दोघींना ठाऊक आहे, ह्यांनाही अजून नाही. मंडळातल्या बायका खोदून खोदून विचारतात. लाह्यांसारख्या फुटणाऱ्या आम्ही दोघी, पण एवढी एक गोष्ट तीन आठवडे पोटात राहिलीय. तुमच्याही अंगणात, गच्चीत, एसीच्या मागे कुणी घर केलं असेल तर फोटो खुशाल दाखवा आणि गाव म्हणून नुसतं 'मुंबई' लिहा. अगदीच बघायला जायचं असेल तर भांडुपला खाडीवर जा, तिथे सगळ्यांना जागा आहे. निघण्याआधी तिथीची पाऊण तेवढी करून घ्या.